रुप्याची गाडी आणि माधवराव महाराज

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील रुप्याची आगगाडी ज्यांनी ऐकलेली नाही, अशी जुनी मराठी घरे या बाजूस थोडीच सापडतील. मेजवानीच्या लांबलचक मेजावर रूळ, त्यावर विजेने चालणारे इंजिन, मागे सात डबे आणि डब्याडब्यावर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावातील एकेक अक्षर. पाहुण्याने डब्यातील बाटली उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. ऐकणारा हसतो आणि संस्थानी चैनीवर चार शब्द बोलून मोकळा होतो. मला मात्र ही हकीकत एवढ्यावर सोडवत नाही.

मी राहतो नेपानगरास. आमचे बऱ्हाणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिंद्यांच्याच अमलात होते. भुसावळ-खंडवा मार्गावरील या कागदाच्या गावात गाड्यांचा आवाज रात्रंदिवस कानी असतो आणि घरी वाफेची दोन-तीन लहान पितळी इंजिने सांभाळण्याचा मला नाद आहे. बॉयलरात पाणी भरावे, खाली स्पिरिटचा दिवा लावावा आणि वाफ धरेपर्यंत स्वस्थ बसावे. मग दट्ट्या हलतो, चाके फिरतात, फरशीवर पाण्याची बारीक रेघ उमटते. पाणी आटले तर बॉयलर जळतो, तेल विसरले तर दट्ट्या अडतो. यंत्रापुढे मालकाची प्रतिष्ठा चालत नाही. कै. माधवराव महाराज स्वतः इंजिन हाकीत असत, ही गोष्ट म्हणूनच मला रुप्याच्या डब्यांहून मोलाची वाटते.

महाराजांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. १८८६ साली जयाजीराव महाराज निवर्तले आणि नऊ वर्षांचा हा मुलगा गादीवर आला. राज्यकारभाराची पूर्ण मुखत्यारी त्यास १८९४ मध्ये मिळाली. जयाजीरावांनी आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. वडिलांनी रेल्वेसाठी पैसा दिला. मुलाने स्वतःची रेल्वे बांधली.

ती होती अवघ्या दोन फुटी रुळांची. राजवाड्याच्या आवारातही याच मापाचे रूळ फिरले होते. पण महाराज तेथे थांबले नाहीत. १८९९ मध्ये भिंड व शिवपुरी या दोन्ही दिशांना गाड्या सुरू झाल्या आणि १९०९ पर्यंत तिसरी शाखा श्योपूरला पोहोचली. ही एकटी शाखाच सुमारे २०० किलोमीटरची. अरुंद मार्गास खर्च कमी, वळणे तीव्र घेता येतात आणि पूलही हलके चालतात. चंबळेच्या बाजूच्या त्या उजाड मुलखात मोठी रेल्वे कोणी आणली असती, याचा विचार वाचकांनीच करावा.

लोखंडाशी त्यांचा संबंध येथेच संपत नाही. टाटांचा पोलाद कारखाना उभा राहताना खेळत्या भांडवलासाठी काढलेले ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. १९०० साली चीनमधील मोहिमेच्या वेळी त्यांनी रुग्णसेवेसाठी जहाज सज्ज करून दिले होते. चैन होतीच, ती कोणी नाकारू नये. परंतु त्या चैनीच्या शेजारी ही कामेही मांडली पाहिजेत. ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. शिवपुरीस मातोश्रींच्या छत्रीसमोर त्यांची छत्री आहे.

पुढे १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. शिवपुरीची छोटी गाडी बंद पडली, भिंडचा मार्ग रुंद झाला. श्योपूरची गाडी मात्र २०२० सालापर्यंत खेडोपाडीच्या माणसांना, प्रसंगी टपावर बसवूनही, नेत राहिली. त्या वर्षी टाळेबंदीत ती थांबली ती कायमचीच, आणि तेथेही रुंद मार्गाचे काम सुरू झाले. रुंद मार्ग हवाच. गावांची सोय रूळ किती जुने यावर अडून राहू नये.

तरीही एक खंत उरते. महाराजांचे खेळणे राजवाड्याच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. ज्या गाडीने लाखो लोकांची तीन पिढ्या ने-आण केली, तिचे रूळ मात्र उखडले जात आहेत. जयविलास पाहावयास जाणाऱ्या मंडळींनी मुलांना रुप्याची गाडी कौतुकाने दाखवावी, आणि तेथेच उभे राहून श्योपूरच्या गाडीचीही गोष्ट सांगावी. माधवराव महाराजांची खरी ओळख त्या दोन गाड्या एकत्र पाहिल्यावाचून होत नाही.