अ‍ॅनाचा हात आणि सरावलीची वृद्धा

बोईसरलगतच्या सरावलीत साठी उलटलेली एखादी कष्टकरी बाई ओल्या अंगणात घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि मग कुठे तिच्या हाडांचा फोटो निघतो. ज्यांच्यामुळे हा फोटो शक्य झाला, त्या व्हिल्हेल्म कोनराट रंटगेन यांचे चरित्र या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगे आहे.

२७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. उत्रेख्तच्या शाळेत शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या सोबत्याचे नाव सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी ते शाळेस मुकले. पुढे झुरिकला शिकून ते भौतिकीकडे वळले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्ह्यूर्ट्‌सबुर्गच्या प्रयोगशाळेत, काळ्या कागदाने झाकलेल्या निर्वात नळीपासून काही अंतरावरचा पडदा चमकताना त्यांना दिसला. त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी स्वतःस जवळजवळ कोंडूनच घेतले. २२ डिसेंबरला पत्नी अ‍ॅना बर्था यांचा हात त्यांनी काचपट्टीवर ठेवविला. बोटांची हाडे आणि अंगठी उमटली. अ‍ॅना तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. म्हणजे ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीची हाडे झपाट्याने विरळ होतात, त्याच वयाच्या. चित्रात हाड दिसले, त्याचा कस मात्र दिसला नाही. साध्या क्ष-किरण चित्रात विरळपणा नजरेस येईपर्यंत हाडातील सुमारे ३० टक्के खनिज गेलेले असते. ही उणीव भरून निघण्यास जवळजवळ शतक लागले. दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून व खुब्यातून सोडून, त्यांच्या शोषणातील फरकावरून हाडाची घनता काढणारे ‘डेक्सा’ यंत्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. तरुण प्रौढांच्या सरासरीहून २.५ प्रमाण विचलन किंवा अधिक खाली गेलेली घनता म्हणजे अस्थिसुषिरता, हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिला.

रंटगेनांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ चे भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठास दिली. ज्ञान असे सार्वजनिक झाले. यंत्र मात्र विकतच घ्यावे लागते, आणि ते कोणी घ्यावे हाच खरा प्रश्न आहे. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी, शुश्रूषेसाठी घरी बसलेली सून, हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. तो कुटुंब मुकाट्याने सोसते. सरसकट सर्वांची तपासणी ही उधळपट्टी ठरेल, हे मान्य. परंतु पासष्टी ओलांडलेल्या किंवा किरकोळ पडण्याने एकदा हाड मोडलेल्या स्त्रियांची तपासणी सरकारी रुग्णालयांनी विनामूल्य करावी, ही मागणी अवाजवी नव्हे. विरळपणा वेळीच कळला तर त्यावर औषधे आहेत.

अ‍ॅना १९१९ मध्ये निवर्तल्या. महायुद्धोत्तर चलनवाढीने रंटगेनांची बचत फस्त केली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्यूनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे बहुतेक शास्त्रीय कागद जाळण्यात आले; अ‍ॅनाच्या हाताचे ते चित्र मात्र राहिले.