डोंगरमाथ्यावरून पृथ्वी मोजणारे अल्-बिरूनी

वाचकहो, आपल्या द्रोणागिरीवरून समुद्राकडे पाहिले तर क्षितिज नजरेच्या पातळीहून किंचित खाली असते. डोळ्याला ते जाणवतही नाही. एवढ्याशा फरकावरून अबू रैहान अल्-बिरूनी यांनी पृथ्वी मोजली.

त्यांचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिझम येथे झाला. १०१७ साली गझनीच्या महमूदाने ते राज्य जिंकले व त्यांना गझनीस नेले. वतन सुटले, अभ्यास सुटला नाही. ते संस्कृत शिकले. त्यांच्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात कोकणाचा व ठाण्याचाही उल्लेख आहे.

पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी डोंगराची उंची काढली : सुमारे ६५२ हात. माथ्यावरून क्षितिजाचा कोन आला ३४ कला. यावरून पृथ्वीची त्रिज्या निघाली सुमारे १ कोटी २८ लाख हात. आजच्या पद्धतीने १.२८ × १०⁷. त्यांच्या हाताच्या लांबीविषयी मतभेद आहेत. अदमासाने अर्धा मीटर धरा, म्हणजे ६.४ × १०⁶ मीटर होतात. आजचे मान आहे ६.३७ × १०⁶!

१०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचा इंतकाल झाला.

विद्यार्थ्यांनो, शून्यांच्या रांगेला भिऊ नका. आधी दहाचा घात पाहा, अदमास बांधा, मग हिशेब करा. प्रयोगशाळा तोकडी असली तरी डोंगर आणि समुद्र आपल्या दाराशीच आहेत.