नापास झालेल्या भाऊचं पुढं काय झालं? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाळेतल्या दिवसांची गोष्ट

शिरूर / दौंड : दहावीचा निकाल लागला की आपल्या गावांत दोन तऱ्हेची घरं दिसतात. एका घरापुढं पेढे वाटले जातात, स्टेटसला फोटो लागतात. दुसऱ्या घराचं दार भरदिवसा लोटलेलं असतं. पोरगं मोबाईल बंद करून आतल्या खोलीत बसलेलं असतं आणि बाहेर ओट्यावर त्याचा निकाल दुसऱ्यांदा लागत असतो. शिक्षण याच्या डोक्यात नाही, आता कामाला लावा, असं चारजण ठरवून मोकळे होतात. पोरगी नापास झाली असली तर बोलणं थेट स्थळांवर जातं.

अशा घरानं कर्मवीर भाऊराव पाटलांचे शाळेतले दिवस एकदा समजून घ्यावेत. ज्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेच्या वर शाखा आहेत, ते भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते.

अभ्यासात मन कमी, तालमीत जास्त

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावचा. घराणं मूळचं सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचं. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. बदली झाली की बिऱ्हाड हलायचं आणि पोराची शाळाही बदलायची. १९०२ च्या सुमाराला भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकायला आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले.

अंगानं धिप्पाड, कुस्ती आणि पोहण्याचा नाद, मित्रांचा गराडा. अभ्यासाकडं मात्र काणाडोळा. गणित तर जमायचंच नाही. गाडी कशीबशी इंग्रजी सहावीपर्यंत आली, म्हणजे आजच्या दहावीच्या आसपास, आणि तिथंच अडकली.

त्या वेळचा एक किस्सा पश्चिम महाराष्ट्रात आजही सांगितला जातो. भाऊराव गणितात नापास झाले. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता, म्हणून मास्तरांकडं शब्द टाकला गेला की या पोराला वर चढवा. मास्तर काही बधले नाहीत. भाऊ बसतो तो बाक एकवेळ वरच्या वर्गात ढकलीन, पण भाऊला ढकलणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं म्हणतात.

प्रत्यक्ष छत्रपतींच्या राज्यात छत्रपतींचाच वशिला चालला नाही. भाऊरावांना मिळालेला हा मोठा धडा होता. मास्तर कडक होते म्हणून नव्हे, तर अभ्यास केला नाही म्हणून ते नापास झाले होते. ही चूक त्यांची स्वतःची होती.

बोर्डिंगातून काढलं ते वेगळ्या कारणानं

कोल्हापुरात त्यांची दुसरीही एक 'चूक' धरली गेली. १९०८ च्या सुमाराला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ करूनच आत यायचं, असा बोर्डिंगाचा दंडक होता. भाऊरावांनी अंघोळीला साफ नकार दिला. माणसांत बसून आल्यावर विटाळ कसला, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बोर्डिंगाचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. भाऊरावांना बोर्डिंगातून बाहेर काढण्यात आलं. शाहू महाराजांनी त्यांची राहायची सोय केली.

म्हणजे शाळेच्या दप्तरी दोन डाग लागले. गणितात नापास आणि शिस्त मोडली. पण दोन्ही डाग एका मापानं मोजता येत नाहीत. पहिला डाग अभ्यास करून पुसायचा होता. दुसरा पुसायचा नव्हताच, तो जन्मभर मिरवायचा होता. पोरानं केलेली चूक आणि पोरानं दाखवलेली हिंमत यातला फरक घरच्यांना आणि मास्तरांना कळला पाहिजे. नाहीतर दोन्हींना सारखीच छडी बसते.

जे आलं नाही तेच शिकवायला घेतलं

१९०९ च्या सुमाराला शाळा सुटली. पुढं साताऱ्यात त्यांनी पोटासाठी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. शाळेत मागं पडलेला माणूस शिकवण्या घेतो, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण दुसऱ्याला समजावून सांगायचं तर आधी स्वतःला समजावं लागतं. शिवाय पोरगं नेमकं कुठं अडतं, हे कधीच न अडलेल्या माणसापेक्षा अडलेल्याला लवकर कळतं.

मग १९१४ साली मोठं संकट आलं. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातल्या पुतळ्यावर कुणीतरी डांबर टाकलं. संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. हे लठ्ठे कोण, तर ज्यांच्या बोर्डिंगातून भाऊराव बाहेर पडले होते तेच. उट्टं काढायची संधी आयती दारात आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यापायी त्यांनाच कोठडीत जावं लागलं. तिथं छळ इतका झाला की जीव नकोसा होऊन त्यांनी स्वतःला संपवायचाही प्रयत्न केला. सुदैवानं वाचले.

ही बाजू मुद्दाम सांगायला हवी. निकालाच्या दिवसांत काही पोरं टोकाचा विचार करतात. इतका तगडा, पैलवान गडीसुद्धा एकदा खचला होता. आणि ज्या कामासाठी महाराष्ट्र आज त्यांचं नाव घेतो, ते सगळं काम त्या दिवसानंतरचं आहे.

नांगर विकता विकता शाळा

पुढं ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. लोखंडानं जमीन नासते असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं नांगर विकणं सोपं नव्हतं. बांधावर बसून पटवून द्यावं लागायचं. त्या फिरतीत त्यांनी खेड्यातलं घर आतून पाहिलं. कागदावर अंगठा उठवणारा बाप पाहिला, हुशार असून गुरांमागं गेलेलं पोर पाहिलं. शाळेबाहेर राहिलेली ही मुलं मठ्ठ नव्हती. त्यांच्या पोटाला भाकरी नव्हती, गावात शाळा नव्हती आणि कित्येकांना जातीमुळं उंबऱ्याच्या आत घेतलं जात नव्हतं.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. तिथं सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला बसायची. १९२७ साली महात्मा गांधी तिथं येऊन गेले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ज्या गोष्टीपायी एका वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं, तीच गोष्ट भाऊरावांनी आपल्या वसतिगृहाचा नियम केली.

पत्नी लक्ष्मीबाई या पोरांची आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

भाऊरावांनी पोरांना फुकट बसवून खाऊ घातलं नाही. शेतात राबायचं, माती वाहायची, स्वयंपाकाला हात लावायचा आणि शिकायचं. कमवा आणि शिका ही योजना आज कॉलेजांत चालते, तिचं मूळ इथं आहे. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली पुणे विद्यापीठानं भाऊरावांना डी. लिट. दिली, सरकारनं पद्मभूषण दिलं. मॅट्रिक न झालेला माणूस डॉक्टर झाला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाची खूण आपल्यापासून लांब नाही. दौंडहून सोलापूर रस्त्यानं पुण्याला जाताना हडपसरला एस. एम. जोशी कॉलेज आहे, शिरूरच्या शेजारी मंचरला अण्णासाहेब आवटे कॉलेज आहे. दोन्ही रयतचीच.

नापास होणं भारी नाही, त्यानंतरचं काम भारी

ही गोष्ट वाचून कुणी असं समजू नये की नापास झालं की माणूस मोठा होतो. नापास झालेले लाखो असतात, भाऊराव एकच. त्यांनी अभ्यास टाळला ती चूकच होती आणि मास्तरांनी वर ढकललं नाही हे बरंच केलं. पण त्या नापासाच्या शिक्क्याला त्यांनी आपलं नाव होऊ दिलं नाही.

आजच्या पोरांना तर त्यांच्यापेक्षा जास्त वाटा मोकळ्या आहेत. दहावी-बारावीला विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटून गेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासलाही मिळतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत हातात कला असलेल्या माणसाला काम आहे.

म्हणून निकालाच्या दिवशी पोराला आधी जेवायला वाढा. दुसऱ्या दिवशी पेपर आणि पुस्तक घेऊन शेजारी बसा आणि नेमकं कुठं अडलं ते विचारा. अभ्यास केला नसेल तर स्पष्ट सांगा, पाठीशी घालू नका. पण ओट्यावरच्या चारजणांनी लावलेला निकाल घरात घेऊ नका. तसा निकाल कोल्हापुरात भाऊरावांचाही लागला असेल. तो खरा ठरला नाही.