ऑग्युस्त पिकार

ऑग्युस्त पिकार (जन्म : बासेल, २८ जानेवारी १८८४, मृत्यू : लोझान, २४ मार्च १९६२) हे स्विस भौतिकशास्त्रज्ञ होते. बंदिस्त कोठडीच्या बलूनमधून त्यांनी स्थितांबर गाठले. पुढे खोल समुद्रात उतरणारे ‘बॅथिस्काफ’ हे यान त्यांनी निर्माण केले.

== शिक्षण आणि आकाशातील उड्डाणे ==
झ्युरिक येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर १९२२ मध्ये ते ब्रसेल्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी त्यांनी ॲल्युमिनियमची हवाबंद गोलाकार कोठडी तयार केली. २७ मे १९३१ रोजी पाउल किप्फर यांच्यासह ते ऑग्सबुर्गहून १५,७८१ मीटर उंचीवर पोहोचले. वाटेत कोठडीला लागलेली गळती त्यांना स्वतःच बुजवावी लागली.

== बॅथिस्काफ ==
त्यापूर्वीची ‘बॅथिस्फिअर’ ही कोठडी जहाजावरून पोलादी दोराने खाली सोडली जाई. दोर तुटल्यास आतील माणसांची सुटका अशक्य होती. पिकार यांनी दोरच वगळला आणि बलूनचे तत्त्व पाण्यात वापरले. बलूनमधील वायूऐवजी त्यांनी पाण्याहून हलके असलेले पेट्रोल टाकीत भरले व टाकीखाली जाड पोलादी गोल जोडला. टाकी तळाशी समुद्राला खुली असल्याने आतबाहेरचा दाब समान राही. म्हणून तिचे पत्रे पातळ असले तरी चालत. वजनासाठी घेतलेले लोखंडी छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले असत. वीज खंडित झाली, तर छर्रे आपोआप गळून यान वर येई.

१९४८ मध्ये ‘एफएनआरएस-२’ हे यान माणसांविना सुमारे १,३८० मीटर खोल जाऊन परतले. पोलादी गोल सुरक्षित राहिला, मात्र पृष्ठभागावरील लाटांनी टाकीचे नुकसान झाले. या अनुभवानंतर इटलीत बांधलेल्या अधिक भक्कम ‘त्रिएस्ते’मधून ३० सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, पिकार पुत्र झाक यांच्यासह भूमध्य समुद्रात ३,१५० मीटर खोल उतरले.

== वारसा ==
१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने ‘त्रिएस्ते’ विकत घेतले. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार व डॉन वॉल्श त्यातून प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर पोहोचले. महासागरातील सर्वांत खोल जागी मानव प्रथमच उतरला, तो ऑग्युस्त पिकार यांच्या हयातीत आणि त्यांच्याच यानातून. त्यांचे नातू बेर्त्राँ यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यासह बलूनमधून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली.