विस्मृतीमागचा आजार दाखवणारे डॉ. आलोइस अल्झायमर

चेन्नई, २० सप्टेंबर : घरातील वडीलधारी व्यक्ती माणसे ओळखेनाशी झाली की वयोमानावर बोट ठेवून विषय संपवला जातो. मात्र अशा विस्मृतीमागे मेंदूचा आजार असू शकतो, हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ डॉ. आलोइस अल्झायमर यांनी शतकापूर्वीच दाखवून दिले. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराविषयी जागृतीसाठी पाळला जातो.

बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे १४ जून १८६४ रोजी अल्झायमर यांचा जन्म झाला. १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे फ्रान्झ निसल हे सहकारी त्यांना लाभले. मज्जापेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे निसल यांचे तंत्र आणि रुग्णाशी तासन्‌तास बोलण्याची अल्झायमर यांची चिकाटी यांचा तेथे संगम झाला.

१९०१ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखाचे ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची महिला रुग्णालयात दाखल झाली. पतीविषयी संशय, दिशाभ्रम आणि वाढती विस्मृती ही तिची लक्षणे होती. वय पाहता म्हातारपणाचे कारण पुढे करणे शक्य नव्हते. अल्झायमर यांनी साधे प्रश्न विचारून तिची उत्तरे बारकाईने नोंदवली. पुढे एमिल क्रेपेलिन यांच्यासोबत काम करण्यासाठी ते म्युनिकला गेले, तरी या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही.

एप्रिल १९०६ मध्ये डेटर यांचे निधन झाल्यावर त्यांचा मेंदू म्युनिकला तपासणीसाठी आला. आकसलेला मेंदू, पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींमधील तंतूंचा गुंता अल्झायमर यांना आढळला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. परंतु त्यावर चर्चाही झाली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाऊ येथे, वयाच्या ५१ व्या वर्षी अल्झायमर यांचे निधन झाले.

पेशींबाहेरचे थर अमायलॉइड प्रथिनाचे आणि आतील गुंता टाऊ प्रथिनाचा असल्याचे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. मूळ कारणाचा शोध मात्र अद्याप सुरू आहे. अमायलॉइड कमी करणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेने २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. ते आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच उपयोगी पडते आणि ऱ्हासाचा वेग कमी करते. आजार बरा करत नाही. मेंदूला सूज येण्याच्या किंवा त्यात रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे रुग्णावर लक्ष ठेवावे लागते.

भारतात या प्रश्नाची मोजणी करण्यात चेन्नईचा वाटा आहे. विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या १०/६६ या आंतरराष्ट्रीय गटाने चेन्नईचा शहरी भाग आणि वेल्लोरचा ग्रामीण भाग पाहणीसाठी निवडला होता. जगातील दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्यावरील संशोधन एक दशांशाहूनही कमी, ही विषमता या गटाच्या नावातच आहे. १९८४ मध्ये चेन्नईत स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन या संस्थेनेही पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी सेवा सुरू केली.

निदान लवकर झाले तर औषधयोजना, आर्थिक व्यवहार आणि शुश्रूषेची व्यवस्था याबाबत रुग्णाला स्वतः निर्णय घेता येतो. त्यासाठी विस्मृतीकडे वयाचा दोष म्हणून न पाहता रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते. अल्झायमर यांच्या संशोधनाची सुरुवातही तिथूनच झाली होती.