बावट्यामागचा माणूस

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की आज होडी काढायची नाही, हे कोकणातल्या मच्छीमाराला वेगळं सांगावं लागत नाही. वादळाआधी किनाऱ्यावर खूण टांगण्याची अशी पद्धत ब्रिटनच्या बंदरांत रुजवली रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. लोकांना ते ठाऊक आहेत डार्विनच्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान म्हणून.

त्यांचा जन्म १८०५ चा. बाराव्या वर्षी नौदलाच्या शाळेत, तेविसाव्या वर्षी ‘बीगल’वर. आधीच्या कप्तानानं आत्महत्या केल्यामुळे ही जागा रिकामी झाली होती. त्यांच्या मामांनीही तसंच आयुष्य संपवलं होतं. पुढच्या सफरीत गप्पांना कोणी सोबती हवा, हा त्यांचा आग्रह त्या धास्तीतूनही असावा. त्यातूनच डार्विन जहाजावर आले.

जानेवारी १८२९ मध्ये उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ वायुभारमापकातला पारा उतरत होता. फिट्झरॉय यांनी ते मनावर घेतलं नाही. अचानक आलेल्या वादळात जहाज उलटता उलटता वाचलं, दोन खलाशी मात्र गेले. ही चूक ते विसरले नाहीत.

१८५४ मध्ये सरकारनं नवा हवामान विभाग त्यांच्याकडे सोपवला. काम होतं फक्त नोंदी जमवण्याचं. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून सुमारे साडेचारशे माणसं दगावली. मग त्यांनी ठिकठिकाणचा वायुभार रोज सकाळी तारेनं मागवायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८६१ पासून धोका दिसताच बंदरांना तार जाऊ लागली आणि खांबावर शंकू किंवा पिंप चढू लागलं. शंकूचं टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. १ ऑगस्टला ‘टाइम्स’मध्ये विभागवार अंदाजही छापून आला.

अंदाज चुकला की टिंगल व्हायची, होड्या उभ्या राहिल्या की मालक चिडायचे. खरा ठरला तर वाचलेल्या माणसांची मोजदाद कोण ठेवणार? लस टोचणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

सततचं काम, कमी झालेलं ऐकू येणं, पैशांची ओढाताण आणि जुनं नैराश्य. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण मन कामातून सुटत नव्हतं. तेव्हा या आजारावर औषधही नव्हतं. ३० एप्रिल १८६५ च्या रविवारी सकाळी त्यांनी आपलं जीवन संपवलं. वय होतं ५९. कुटुंबासाठी वर्गणी निघाली, त्यात डार्विन यांनी १०० पौंड दिले.

पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या समितीनं अंदाज आणि इशारे दोन्ही बंद करायला लावले. बंदरांतून तक्रारी येऊ लागल्या. १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू झाले.