कै. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर : जुन्या दफ्तरांचे साक्षेपी राखणदार

गोमंतकाच्या इतिहाससंशोधनास ज्यांनी अस्सल कागदपत्रांचा भक्कम पाया घालून दिला, ते कै. डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर सत्तरी महालातील पिसुर्ले गावी ३० मे १८९४ रोजी जन्मले. मराठी व पोर्तुगीज या दोन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. मराठ्यांची बखर आणि व्हिसरेईचा खलिता एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहण्याचे सामर्थ्य त्यांना लाभले, ते यामुळेच.

गोव्यातील सरकारी दफ्तराची परंपरा पुरातन आहे. १५९५ साली इतिहासकार दियोगु द कौतु यांची दफ्तराचे रक्षक म्हणून नेमणूक झाली होती. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हार यांनी त्यातील निवडक कागद छापून काढले. तथापि या भांडाराचा फार मोठा भाग अभ्यासकांना अज्ञातच होता. दमट हवा, वाळवी आणि कसर यांना मात्र तो पुरेपूर ठाऊक होता! अशा दफ्तरखान्याची धुरा पिसुर्लेकरांनी सुमारे तीस वर्षे, १९६१ पर्यंत वाहिली. कागद नुसता राखून भागत नाही, तो लावून, वाचून जगापुढे मांडावा लागतो, हे त्यांचे व्रत होते. राज्य मंडळाच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात संपादून प्रसिद्ध केले. १९५५ साली त्यांनी अभ्यासकांसाठी दफ्तरांची मार्गदर्शिकाही सिद्ध केली. सर जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार त्यांच्या संपर्कात होते.

पोर्तुगीज मुत्सद्देगिरीतील हिंदी वकिलांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली प्रकाशित झाला. शिवछत्रपतींकडे पोर्तुगिजांची वकिली करणारे रामोजी शेणवी कोठारी यांच्यासारखे पुरुष त्यामुळे विस्मृतीतून बाहेर आले. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. १९६९ साली ते दिवंगत झाले. त्यांचा व्यक्तिगत ग्रंथसंग्रह पुढे गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल होऊन अभ्यासकांच्या उपयोगी पडला.

देवस्थानांच्या महाजनांना तर या कार्याचे मोल विशेष आहे. साष्टीतील मूळ देवालये पाडली गेल्यावर त्यांच्या जमिनींची नोंद १५६७ च्या फोरालात झाली. जे देवालय भूमीवर उरले नाही, ते त्या कागदावर उरले! त्या नोंदी शाबूत राहिल्या म्हणूनच स्थलांतरित देवतांची मूळ स्थाने व उत्पन्ने आज सांगता येतात.

असे कागद केवळ सरकारदरबारीच असतात असे नव्हे. वाडवडिलांच्या पेटाऱ्यातील मोडी दस्त, पावत्या, पत्रव्यवहार, उत्सवाचे जमाखर्च आणि कडा पिवळ्या पडलेली छायाचित्रे हेही इतिहासाचेच धन होय. छायाचित्रामागे नाव व साल लिहून ठेवणारा हात एकदा गेला की चेहरे अनोळखी होतात. घर दुरुस्त करताना ही पुडकी होमाच्या किंवा रद्दीच्या स्वाधीन न करता जपून ठेवणे आणि जाणत्यांच्या हाती देणे, हीच पिसुर्लेकरांच्या स्मृतीस खरी आदरांजली ठरेल.